वाशीच्या पुलावरचा वास

मानखुर्द सुटून गाडी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर आली की डब्यात एक ठरलेली हालचाल होते. दारात वारा खात उभे असलेले तोंड आत फिरवतात, खिडकीजवळची बाई ओढणी नाकाला लावते, आणि एखादा पाहुणा विचारतो, "कसला हो वास हा?" उत्तरही ठरलेलं. "खाडी आहे." गटार आहे तर डास असणारच, त्याच चालीवर खाडी आहे तर वास असणारच.

मी राहतो वाशीला आणि नोकरी चेंबूरला. म्हणजे हा पूल रोज दोनदा. कित्येक वर्षं मीही नाक दाबून गेलो. मग एका फेब्रुवारीत घरच्यांना फ्लेमिंगो दाखवायला ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीत बसलो. ओहोटी लागली होती, दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता आणि आईने पदर तोंडाला लावला होता. बोट चालवणारे कोळीदादा हसले. म्हणाले, "आई, हा वास खाडीचा हाय. याला काय घाबरायचं नाय. पुढं नाल्याच्या तोंडाशी येईल ना, तो आपला."

तेव्हापासून मला पुलावर एक चाळा लागलाय. आजचा वास कोणाचा, खाडीचा की आपला, हे ओळखायचं. ते ओळखायच्या नादात जे वाचत आणि विचारत गेलो, ते इथे लिहितोय. समुद्र निरोगी असणं म्हणजे नेमकं काय आणि आपल्यासारख्या बाराव्या मजल्यावरच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, हे या दोन वासांवरून बऱ्यापैकी कळतं.

खाडीचा वास

खाडीचा चिखल बोटाने उकरून बघा. वरचा पातळसा थर तपकिरी, त्याच्याखाली काळाकुट्ट. हा चिखल इतक्या बारीक कणांचा असतो की त्यात हवा शिरतच नाही. तिवराची, म्हणजे इथल्या खारफुटीच्या झाडाची पानं, मेलेले खेकडे, शेवाळ, वर जे काही पडेल ते हळूहळू आत गाडलं जातं आणि ते कुजवायला तिथे ऑक्सिजन नसतो. काही जिवाणूंचं मात्र त्यावाचून अडत नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, ऑक्सिजनच्या जागी ते वापरून हे जिवाणू पोट भरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. नासक्या अंड्याचा वास येतो तो याचा. चिखलातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की लोह सल्फाइड तयार होतं आणि चिखल काळा दिसतो. खाडीच्या कडेला खणलेला काळा ढिगारा चार दिवस उन्हात पडला की तपकिरी होतो, कारण तोवर त्याला हवा लागलेली असते.

हे कुजणं फार सावकाश चालतं. झाडाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पान बनवलं, पान गळून चिखलात गेलं, आणि त्यातला कार्बन शेकडो वर्षं तिथेच पडून राहिला. म्हणून खारफुटीचं एक हेक्टर, खालच्या चिखलासकट मोजलं तर, तेवढ्याच साध्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त कार्बन धरून असतं. शास्त्रज्ञ याला ब्लू कार्बन म्हणतात. मी याला मुदत ठेव म्हणतो. ओहोटीच्या वेळी पुलावर येतो तो या ठेवीचा वास. भराव टाकायला किंवा रस्ता काढायला तो चिखल उपसला की ठेव मुदतीआधी मोडली, आणि शतकांचा साठा हवेत गेला.

तिवराच्या झाडाशी एकदा ओळख करून घ्या. ठाण्याच्या खाडीत सगळ्यात जास्त तेच आहे. कोरड्या दिवसात त्याचं एक पान जिभेला लावा, खारट लागेल. मुळांतून आत आलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं, कधी कधी त्याचे बारीक कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. झाडाखाली पेन्सिली उभ्या टोचून ठेवल्यासारखी मुळं वर आलेली असतात. चिखलात हवा नाही म्हणून झाडाने नाक बाहेर काढलंय. भरतीत ही मुळं बुडतात, ओहोटीत उघडी पडतात आणि श्वास घेतात. तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही, ते यामुळे. डेब्रिजचे चार डंपर या मुळांवर ओतले की झाड गुदमरतं. किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की काही महिन्यांत अख्खा पट्टा वाळून उभा राहतो, आणि मग कोणीतरी म्हणतं, इथे तर सुकलेलीच झाडं आहेत.

कायद्याने हे चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिच्यावर भराव टाकायला बंदी घातली. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की खारफुटी नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा. २०१२ पासून वनविभागाचा खारफुटीसाठी वेगळा कांदळवन कक्ष आहे. तरी रात्री डंपर येतात. तेव्हा निदान एक करा: तुमच्या घराचं बाथरूम फोडलं, तर फुटक्या लाद्यांच्या गोण्या कुठे जाणार हे कॉन्ट्रॅक्टरला विचारा. "ते आम्ही बघतो" या उत्तरावर गप्प बसू नका. खाडीकाठचे बरेचसे ढीग याच उत्तरातून उभे राहिलेत.

समुद्र घरी येतो

आपण "समुद्रावर जाऊ" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जुहू येतं, नाहीतर अलिबाग. खरं तर समुद्रच आपल्याकडे येतो, दर साडेबारा तासांनी एकदा. मुंबई बंदराच्या तोंडातून आत शिरतो, ट्रॉम्बे, वाशी, ऐरोली करत सुमारे २६ किलोमीटर चालून ठाण्यापर्यंत पोचतो आणि परत फिरतो. दुसऱ्या दिवशी त्याला साधारण पन्नास मिनिटं उशीर होतो, कारण तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. कोळीवाड्यातल्या पोराला हे पाढ्यासारखं पाठ असतं. आपल्याला मोबाइलवर बघावं लागतं.

ठाण्याची खाडी ही नदी नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. पावसाळा सोडला तर तिच्यात गोडं पाणी फारसं येत नाही, आणि वरच्या टोकाला उल्हास नदीकडे जाणारी वाट अगदी अरुंद आहे. म्हणजे आत गेलेलं पाणी धुऊन न्यायला मागून लोंढा नाही. पाणी झोपाळ्यासारखं पुढे जातं, मागे येतं. सकाळी ओहोटीला कळव्याजवळ सोडलेली घाण थोडी खाली सरकते आणि दुपारच्या भरतीबरोबर पुन्हा वर येते. "वाहून जाईल" हा आपला आवडता समज इथे लागू पडत नाही.

नवी मुंबई तर समुद्राशी करार करून बसलेली आहे. शहराचा बराच भाग भरावाचा, काही ठिकाणी उधाणाच्या भरतीच्या पातळीखालचा. म्हणून शहर आखताना डच पद्धतीने होल्डिंग पाँड ठेवले गेले. वाशी-बेलापूरला फिरायला जाता त्यातली काही "तळी" म्हणजे हेच. भरती आली की त्यांचे झडपेचे दरवाजे पाण्याच्या दाबाने बंद होतात, शहरात पडलेला पाऊस तळ्यात साठत राहतो. ओहोटी लागली की दरवाजे उघडून तो खाडीत उतरतो. साधी, हुशार युक्ती आहे. पण तळं गाळाने भरलं, दरवाजे गंजले आणि मुसळधार पावसाची वेळ भरतीशी जुळली, की पाण्याला जायला जागा उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि वर भरती होती. त्या रात्री कामावरून घरी न पोचलेल्यांना हे गणित वेगळं समजवावं लागत नाही.

आणि या गणितातली समुद्राची पातळी आता चढते आहे. त्याला दोन कारणं: जमिनीवरचा बर्फ वितळतोय, आणि पाणी तापून फुगतंय. दुसरं कारण ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पातेल्यातलं पाणी तापल्यावर किती फुगतं ते डोळ्यांना दिसत नाही, पण काही किलोमीटर खोल समुद्रात तो फरक दिसतो.

मोठा समुद्र काय करतो

माणसाने कोळसा, तेल जाळून पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकवली, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे. पाण्याची उष्णता धरायची ताकदच तेवढी आहे. समुद्राचा वरचा तीनेक मीटरचा थर आणि आख्खं वातावरण, दोघांत साधारण सारखीच उष्णता मावते. मे महिन्यात ऐरोलीत घामाच्या धारा लागतात तेव्हा हे पटत नाही, पण आपण जे सोसतोय ती गळती आहे, मुख्य साठा पाण्यात आहे.

त्याची किंमत समुद्र आपल्याकडूनच वसूल करतो. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जायचा. गेल्या काही दशकांत तो तापला आणि तिथली वादळं जास्त जोराची होऊ लागली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वर्ष होत नाही तोच मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून गेलं. माशांनाही हे कळलंय. तारली आणि बांगडा हे मुळात केरळ-कर्नाटकाच्या पट्ट्यात जास्त सापडणारे मासे, ते उत्तरेकडे सरकताना अभ्यासकांनी नोंदवले आहेत.

उष्णतेबरोबर समुद्र कार्बन डायऑक्साइडही घेतो, आपण सोडतो त्याचा जवळपास पाव हिस्सा. हा वायू पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल तयार होतं. सोड्याच्या बाटलीत होतं तेच. औद्योगिक क्रांतीच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास होता, आता ८.१. शून्य पूर्णांक एकचा फरक ऐकून कोणी ढिम्म हलत नाही, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे हा फरक म्हणजे आम्लतेत पंचवीस ते तीस टक्के वाढ. समुद्राचं पाणी अजून आम्ल झालेलं नाही, ते त्या दिशेला सरकलंय. शिंपल्यातल्या जिवांना कवच बांधायला पाण्यातलं कार्बोनेट लागतं आणि आम्लता वाढली की नेमकं तेच कमी पडतं. तिसऱ्या, कालवं, प्रवाळ, सगळ्यांची घरं त्याच मालाची.

आता ऑक्सिजन. "तुमचा दर दुसरा श्वास समुद्र देतो" हे वाक्य शाळेच्या भिंतींवर आणि व्हॉट्सॲपवर सगळीकडे असतं. ते अर्धं खरं आहे. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून दरवर्षी जेवढा ऑक्सिजन तयार होतो त्यातला साधारण निम्मा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती तयार करतात, हे बरोबर. पण तो बहुतेक सगळा समुद्रातलेच जीव वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे आणि तो उद्या संपणार नाही. मला वाटतं, या वाक्याने समुद्राचं नुकसानच केलंय. लोकांना वाटतं, प्रश्न श्वासाचा आहे, आणि श्वास तर चालू आहे. खरा प्रश्न असा की याच सूक्ष्म वनस्पतींवर जवळपास सगळी समुद्री अन्नसाखळी उभी आहे. त्या डगमगल्या तर ताटातली कोळंबी जाते, बोंबील जातो, आणि त्यावर जगणारे कोट्यवधी लोक अडचणीत येतात.

आपला वास

दुसरा वास. मैला, साबण, शिळं अन्न यांचा.

पाण्यात ऑक्सिजन किती असतो याचा अंदाज आधी घेऊ. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या कोमट खाऱ्या पाण्यात लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम. बस्स. मासा जन्मभर एवढ्या तुटपुंज्या शिधेवर जगतो. आता त्यात नाला येऊन मिळतो. नाल्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. घाण जेवढी जास्त तेवढी त्यांची मागणी जास्त. प्रयोगशाळा नेमकी हीच मागणी मोजतात, तिलाच बीओडी म्हणतात. पाण्यातला ऑक्सिजन लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तिथे टिकू शकत नाहीत. पाणी तापलं की ते मुळातच कमी ऑक्सिजन धरतं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुहेरी मार.

सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतं. शेताला घालतो तेच खत. त्यावर पाण्यात शेवाळं माजतात, मरतात, आणि ती कुजताना पुन्हा ऑक्सिजन खातात. अरबी समुद्रात हल्ली नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवाचंही पीक येतं. रात्री लाटांमध्ये निळा उजेड दिसतो तो त्याचा. २०२० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर तो दिसला तेव्हा लोक गाड्या काढून बघायला गेले. दिसायला सुंदर, यात वाद नाही.

सुंदरतेवरून आठवलं. आपल्या फ्लेमिंगोंची गोष्टही अडचणीत टाकणारी आहे. १९९० च्या दशकात ते या खाडीत येऊ लागले आणि आता हंगामात त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. छोटा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) जास्त, मोठा रोहित कमी. डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळायचं आणि शेवाळ खायचं, त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी व्हायचं. २०१५ मध्ये इथे सुमारे १७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. सगळं अभिमानाचं. पण एवढं शेवाळ कुठून आलं? अभ्यासकांच्या मते त्यात आपल्या सांडपाण्यातल्या खताचा मोठा हात आहे. म्हणजे गुलाबी थवे हे खाडी ठणठणीत असल्याचं प्रमाणपत्र नाही. आजारी माणसाचे गाल तापानेही लाल होतात. घाण आणखी वाढली तर एक दिवस शेवाळही त्यांना खाण्याजोगं राहणार नाही.

फ्लेमिंगोंना चिखल मोकळा लागतो, हेही जाता जाता सांगतो. उत्साही मंडळी उघड्या चिखलपट्ट्यावर खारफुटीची रोपं लावतात, फोटो काढतात. तिथे झाडं वाढली तर पक्ष्यांचं जेवणाचं ताट गेलं. जिथे पूर्वी खारफुटी होती आणि मेली, तिथे भरतीचा रस्ता मोकळा केला तर बऱ्याचदा बिया आपोआप येऊन रुजतात.

मग सांडपाण्याचं करायचं काय? उत्तर कंटाळवाणं आहे: ते शुद्ध करायचं. शुद्धीकरण केंद्रात तेच जिवाणू टाकीत कोंडून त्यांना पंख्याने भरपूर हवा देतात. खाडीचा ऑक्सिजन खाण्याऐवजी ते तिथेच विजेवर मिळालेला ऑक्सिजन खातात, घाण संपवतात, तळाशी बसतात, आणि वरचं पाणी सोडता येतं. नवी मुंबईत ऐरोली, कोपरखैरणेला हे पाणी आणखी गाळून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना द्यायची सोय झाली आहे. धरणाचं पाणी तेवढं वाचतं.

यात गोम आहे ती विजेची. आम्ही पूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत भाड्याने राहायचो. खाली स्वतःचं शुद्धीकरण केंद्र होतं, नवं कोरं. वार्षिक सभेत खजिनदारांनी मोठ्या अभिमानाने वीजबिलातली बचत वाचून दाखवली, टाळ्याही पडल्या. दोन महिन्यांनी प्लंबरकडून कळलं की टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला होता. मैला तसाच पुढे जात होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. समुद्र वाचवायचा म्हणून किनारा साफ करायला अवश्य जा, पण त्याआधी एकदा तळमजल्यावर जाऊन तुमच्या सोसायटीचा ब्लोअर चालू आहे का ते बघा. आवाज येतो त्याचा, ओळखायला इंजिनीअर लागत नाही. आणि नगरसेवक मत मागायला आले की विचारा, आपल्या वॉर्डातले किती नाले अजून थेट खाडीत उघडतात. बागेतल्या बाकड्यांबद्दल नंतर विचारता येईल.

प्लास्टिकबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. दिवा कोळीवाड्यातल्या एका मावशींना विचारलं, काय मिळतं हल्ली? म्हणाल्या, "आमच्या टायमाला दारात उभं राहून चिंबोऱ्या, निवट्या धरायचो. आता डोल लाव नायतर काय लाव, आधी पिशव्या काढायच्या, मग मासा बघायचा." २०१८ च्या बंदीनंतर पातळ पिशव्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. पॉलिस्टरच्या कपड्यांचे धागे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाहीत. दर धुण्यात हजारो बारीक तंतू सुटतात, आणि जाळीतून निसटलेले पुढे पाण्यात जातात. मशीन पूर्ण भरून आणि थंड पाण्यात लावलं तर ते कमी सुटतात. वीजही वाचते, म्हणजे हे घरी पटवून देणं सोपं.

आणि निर्माल्य. गाडी पुलावर आली की दारातून पिशव्या उडतात. हार-फुलं कुजतील एकवेळ, पण लोक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवीच टाकतात. आमच्या घरची पिशवीही माझ्या हातून खाडीत गेलेली आहे, आजीने दिली होती, नाही कसं म्हणणार. आता स्टेशनजवळच्या निर्माल्य कलशात टाकतो. आजीचं म्हणणं, पाण्यात सोडलं पाहिजे. मी सांगितलं, याचं खत होतं आणि ते झाडाला जातं. तिने विचार केला आणि म्हणाली, "तुळशीला घालणार असतील तर चालेल."

बाजारात

खाडीच्या आरोग्याची सगळ्यात सोपी परीक्षा मासळी बाजारात होते. कोळंबी, बोय, चिंबोरी, जिताडा, या सगळ्यांचं लहानपण खारफुटीच्या मुळांत जातं. तिथे मोठ्या माशांना शिरता येत नाही आणि खायला भरपूर. तिवर तोडलं की बालवाडी बंद.

जिताड्याचं आणखी एक गंमतशीर आहे. तो नर म्हणून जन्माला येतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे लग्नात मिरवायला आणलेला दहा किलोचा जिताडा बहुतेक वेळा मादीच असतो, लाखो अंडी देणारी. तो खाऊ नका असं मी रायगडकरांना सांगणार नाही, मला त्या जिल्ह्यात जाऊन-येऊन राहायचंय. पण मधल्या आकाराचा घेतला तर चवीत काही उणं राहत नाही.

पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या मोबाइलपेक्षाही थोडा आखूड. त्याहून लहान मासा एकदाही न विता जाळ्यात आलेला असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते तीही याच कारणाने, बऱ्याच माशांचा विणीचा काळ तो. जुन्या लोकांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटायचा नियम पाळला, त्यात खवळलेल्या दर्याची भीती होती आणि हा हिशेबही.

परवा चेंबूरच्या बाजारात टोपलीत टीचभर पापलेटं होती, स्वस्त. मी मोबाइल काढून शेजारी धरला. मावशी म्हणाल्या, "फोटो काढतो का काय?" म्हटलं, माप घेतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टोपलीकडे. "आम्हाला पण आवडत नाय रे बाला. पण लोक मागतात, हीच मागतात, तव्यात आख्खी बसतात म्हणून." मग खालून बर्फातला बोंबील काढून दिला. "हे घे. आज तेच ताजं हाय."

परतताना गाडी पुलावर आली तेव्हा ओहोटी होती. खिडकीतल्या काकांनी सवयीने रुमाल काढला. मी जरा हुंगून बघितलं. नासकं अंडं, स्वच्छ, निखळ. "आजचा खाडीचा आहे," मी म्हणालो. त्यांनी रुमाल तसाच नाकाला ठेवला आणि माझ्या हातातल्या बोंबलांच्या पिशवीकडे बघून जरा पलीकडे सरकले.